ऐंशी रुपयांची थाळी बर्थपर्यंत पोचते कशी?

दर महिना-दोन महिन्यांनी रेल्वेतल्या जेवणाचा एखादा व्हिडिओ फोनवर येतोच. कधी डाळीत झुरळ, कधी पाण्याची बाटली वीसला विकणारा वेटर, कधी बिल मागितलं म्हणून झालेली बाचाबाची. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. एक गट म्हणतो, सगळे चोर आहेत. दुसरा म्हणतो, ऐंशी रुपयांत आणखी काय मिळणार?

दोन्ही गट थाळीकडे बघतात, पण थाळीच्या प्रवासाकडे कोणी बघत नाही. ती कुठे शिजली, कधी भरली, कुठल्या स्टेशनवर चढली, तुमच्या हातात येईपर्यंत किती वेळ कोमट राहिली आणि वाटेत किती जणांनी तिच्यातून आपला वाटा काढला, हे एकदा कळलं की काय मागवावं आणि काय टाळावं ते बरंचसं आपोआप कळतं.

पँट्रीत स्वयंपाक होतो का?

बहुतेक प्रवाशांचा समज असा की गाडीच्या मधोमध स्वयंपाकघराचा डबा असतो आणि तिथे आचारी भाजी परततोय. एकेकाळी हे खरं होतं. जुन्या पँट्री कारमध्ये गॅसच्या शेगड्या असायच्या आणि शेकडो माणसांचा स्वयंपाक तिथेच व्हायचा.

२०१७ च्या खानपान धोरणाने यात मोठा बदल केला. शिजवणं वेगळं आणि वाटणं वेगळं, असे दोन भाग पाडले. शिजवायचं जमिनीवरच्या मोठ्या स्वयंपाकघरात, म्हणजे ‘बेस किचन’मध्ये. गाडीतल्या लोकांनी ते चढवून घ्यायचं, गरम ठेवायचं आणि वाटायचं. नव्या बनावटीच्या (एलएचबी) डब्यांच्या गाड्यांमधली पँट्री हे मुख्यतः जेवण गरम ठेवायचं कोठार असतं. विजेवर चालणारी गरम कपाटं (‘हॉट केस’), पाण्याचे बॉयलर, डीप फ्रीझर, बाटल्या थंड ठेवायचं कपाट, एवढा तिचा संसार. चहाचं पाणी तिथे उकळतं, किरकोळ काही तळलं-भाजलं जातं. पण थाळीतली डाळ-भात-भाजी बहुधा मागच्या कुठल्या तरी स्टेशनवरून आलेली असते.

काही गाड्यांना तर पँट्रीच नसते. तिथे ठरलेल्या स्टेशनवरून जेवण चढवून विकायचा ठेका दिलेला असतो. रेल्वेच्या कागदात याला ‘ट्रेन साइड व्हेंडिंग’ म्हणतात. प्रवाशाला फरक कळत नाही, कारण वेटर तोच, गणवेश तोच आणि ‘जेवन, जेवन’ ही हाळीही तीच.

शेगड्या का गेल्या?

“समोर शिजलेलं ताजं अन्न काढून डबाबंद का केलं?” हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर एका शब्दात आग.

हलणारा डबा, वारा, तापलेलं तेल आणि गॅसचा सिलिंडर एकत्र आले की काय होतं हे घरच्या ओट्यावरूनही ओळखता येईल. फरक इतकाच, की घरातून पळून बाहेर जाता येतं, ताशी ११० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीतून नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला उभ्या असलेल्या एका पर्यटक डब्यात यात्रेकरूंनी बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण गेले. तो डबा उभा होता, आणि ती पँट्रीही नव्हती. अशाच धोक्यामुळे गाड्यांतल्या गॅसच्या शेगड्या टप्प्याटप्प्याने हटवल्या जातायत.

पण विजेलाही भानगडी आहेत. आता बऱ्याच गाड्यांना डब्यांसाठीची वीज इंजिनामार्फत वरच्या तारेतून मिळते. कुठे इंजिन बदललं, की तेवढा वेळ हॉट केस बंद. पाच-दहा मिनिटांनी काही बिघडत नाही, दार बंद असेल तर आतली ऊब टिकते. बिघडतं ते वाढप चालू असताना कपाटाचं दार सताड उघडं ठेवल्याने. दर दोन मिनिटांनी फ्रीज उघडणाऱ्या मुलावर आई ओरडते ना, त्याचंच हे उलटं रूप.

दुपारच्या जेवणाचं घड्याळ

सकाळी मुंबईहून सुटून नागपूरमार्गे हावड्याला जाणारी गाडी घ्या. दुपारी ती भुसावळच्या आसपास असते, संध्याकाळी नागपूरला. म्हणजे दुपारच्या थाळ्या भुसावळच्या आगेमागे आणि रात्रीच्या नागपूरला चढवणं सोयीचं. नागपूर हे मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या दोन्ही मार्गांचं नाकं, आणि चेन्नईच्या वाटेवर पुढे बल्हारशाह. रेल्वेच्या नकाशावर ही जेवणाची गावं आहेत.

नऊ-साडेनऊला वेटर वही घेऊन येतो. “लंच? व्हेज, अंडा, चिकन?” तो आकडा पँट्री मॅनेजरकडे आणि तिथून पुढच्या किचनला फोनवर जातो. ही सकाळची वही नुसती औपचारिकता नाही. किचनला किती थाळ्या भरायच्या ते यावरूनच कळतं. ऐन वेळी “मलाही एक द्या” म्हणणाऱ्याला मिळते ती अंदाजाने भरलेली जादा थाळी.

आता घड्याळ उलटं फिरवा. एक वाजता हातात थाळी हवी, तर साधारण साडेबाराला ती गाडीत चढली पाहिजे. गाडी जेमतेम पाच-दहा मिनिटं थांबणार, म्हणून क्रेट आधीच फलाटावर येऊन उभे. किचनमधून ते बाराच्या आत निघाले. डबे भरणं-झाकणं त्याआधी तासभर. आणि शेकडो माणसांचा भात-डाळ शिजायला सुरुवात सकाळी आठ-नऊला. सगळं वेळेवर झालं तरी तुमची डाळ तीन तासांपूर्वीची असते. डब्यात भरून नेलेलं अन्न असंच असतं, शाळेतल्या मुलाचा डबाही साडेसहाला भरून दहाला उघडतो. त्यात लबाडी काही नाही.

लबाडी नसतानाही गोंधळ होतो तो गाडी लेट झाल्यावर. क्रेट फलाटावर, ऊन डोक्यावर, गाडी दीड तास मागे. थाळ्या तर भरून झाल्या. त्या परत नेऊन नव्या भरायच्या, तर त्या ठेकेदाराच्या अंगावर पडतात. मग त्या तशाच थांबतात. म्हणून गाडी दोन-तीन तास लेट असेल, तर वाटेतल्या स्टेशनवरून चढलेली थाळी घेण्याआधी ती कधी भरली ते विचारा. डब्यावर क्यूआर कोड असेल, तर तो स्कॅन केल्यावर किचनचं नाव आणि पॅकिंगची तारीख दिसायला हवी.

चढवल्यानंतरचाही वेळ धरा. बावीस डब्यांची गाडी पाचशे मीटरपेक्षा लांब असते. तीनशे थाळ्या आणि दहा वेटर आहेत असं धरू. एका वेळी एक जण हातावर दहा-बारा डबे नेतो. म्हणजे प्रत्येकाच्या तीन खेपा, आणि वाटेत सामान, माणसं, डबे जोडणाऱ्या पुलावरचे धक्के, वर सुट्ट्या पैशांची हुज्जत. पँट्रीलगतच्या डब्यात थाळी पंधरा मिनिटांत येते, टोकाच्या डब्यात पाऊण तासाने. एकाच गाडीतला एक प्रवासी “गरम होतं हो” म्हणतो आणि दुसरा “थंडगार दिलं”. दोघंही खरं सांगत असतात.

सगळ्यात साळसूद दिसणारा भात

बाहेरचं खाताना माणसं चिकनला घाबरतात. अन्नसुरक्षेचं काम करणारे भाताकडे आधी बघतात.

जंतूंना वाढायला आवडतं ते तापमान साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस. याला आपण ‘धोक्याचा पट्टा’ म्हणू. अन्न एक तर याच्या वर, वाफाळतं असावं, नाहीतर याच्या खाली, फ्रीजमधलं. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण सल्ला याच कारणाने आहे. रेल्वेची थाळी बिघडते ती बहुधा या पट्ट्यात रेंगाळल्याने.

कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. बीजाणू म्हणजे टणक कवचात झोपी गेलेला जंतू. भात उकळला तरी ते मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष सोडतात. हे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणजे दुपारचा कोमट राहिलेला भात रात्री वाफ काढून वाढला, तर तो वाफाळता दिसेल, वासही येणार नाही, आणि तरी उलट्या होतील. “गरम होतं म्हणजे चांगलं होतं” हा हिशेब इथे चालत नाही.

दुसरी भानगड पातेल्याच्या आकाराची. घरच्या कुकरातली डाळ अर्ध्या तासात निवते. लग्नाच्या पातेल्यातली डाळ रात्री उशिरापर्यंत मधोमध गरमच असते. मोठ्या भांड्याच्या मध्यावरची उष्णता बाहेर पडायला वाटच नसते, आणि तास-तास ती डाळ चाळीस-पंचेचाळीस अंशांवर राहते. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू याच तापमानाला दहा-पंधरा मिनिटांत दुप्पट होतो. म्हणून चांगल्या किचनमध्ये डाळ-भाजी मोठ्या पातेल्यात ठेवत नाहीत. ती थेट गरम डब्यांत भरतात, नाहीतर पसरट ट्रेमध्ये ओतून झटपट थंड करतात. किचन बघायची संधी मिळाली तर चकचकीत फरशी राहू द्या, आधी विचारा: “उरलेली डाळ कशात ठेवता?”

पोट बिघडल्यावर दोष शेवटच्या घासाला देण्याची आपली रीत आहे. पण भातातल्या विषाने उलट्या व्हायला साधारण एक ते सहा तास लागतात, आणि डाळीतल्या त्या दुसऱ्या जंतूने जुलाब व्हायला सहा ते चोवीस तास. रात्री आठला जेवून पहाटे चारला पोट धरून बसणाऱ्याने दुपारच्या खाण्याचीही आठवण काढावी. पुष्कळदा संध्याकाळच्या निरपराध वड्याला बोल लागतो आणि दुपारची थाळी सुटून जाते.

पोळी चामट का होते, त्याचंही कारण यातच आहे. गरम पोळी फॉइलमध्ये बंद केली की तिची वाफ तिच्यावरच बसते. आधी ती ओलसर होते, मग निवताना तिच्यातला स्टार्च घट्ट होतो आणि ओढून तोडावी लागते. तेल लावलेला पराठा त्या मानाने मऊ राहतो. थाळीत “चार पोळ्या किंवा दोन पराठे” असा पर्याय असतो. मिळत असेल तर पराठे घ्या.

ऐंशी रुपयांत नक्की काय मिळायला हवं?

मेल-एक्सप्रेस गाडीतल्या ‘स्टँडर्ड’ शाकाहारी जेवणाचा दर ८० रुपये, तेच स्टेशनवर ७०. अंडा करीचं गाडीत ९०, चिकन करीचं १३०. व्हेज बिर्याणी ८०, अंडा बिर्याणी ९०, चिकन बिर्याणी ११०. शाकाहारी नाश्ता ४०. टी बॅगचा चहा १०. हे दर जीएसटी धरून आहेत. वरून “जीएसटी वेगळा” म्हणणारा तुम्हाला फसवतोय.

शाकाहारी थाळीत काय आणि किती हेही ठरलेलं आहे: साधा भात १५० ग्रॅम, घट्ट डाळ किंवा सांबार १५० ग्रॅम, भाजी १०० ग्रॅम, चार पोळ्या किंवा दोन पराठे मिळून १०० ग्रॅम, दही ८० ग्रॅम, लोणच्याची पुडी १२ ग्रॅम. दीडशे ग्रॅम भात म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम तांदळाचा, घरच्या वाटीने एक वाटीभर. म्हणजे भूक भागते, पण ही पंगत नाही. दही आणि लोणचं सीलबंद असल्याने त्यांचं वजन छापलेलं असतं, तिथे काटछाट करणं अवघड. काटछाट होते ती डाळीच्या घट्टपणात आणि भाजीच्या रश्शात. ‘घट्ट’ या शब्दाला तराजू नाही ना.

आता याच ऐंशी रुपयांची उलटी वजाबाकी करू. पाच टक्के जीएसटी काढला की उरतात ७६ रुपये १९ पैसे. त्यातून दह्याची डबी, लोणचं, फॉइलचे डबे, चमचा आणि कागद. मग किचनचा शिजवायचा खर्च. मग वाहतूक, चढवणारे हात, न विकलेल्या थाळ्यांचा तोटा. मग वेटर, ज्याची कमाई पुष्कळदा विक्रीवरच्या कमिशनवर असते. आणि या सगळ्याच्या डोक्यावर परवाना शुल्क.

परवाना शुल्क म्हणजे या गाडीत विकायचा हक्क मिळवण्यासाठी ठेकेदाराने बोली लावून कबूल केलेली रक्कम. इथेच गोम आहे. विक्रीचा दर बांधलेला, थाळीचं वजन बांधलेलं, आणि मोकळी सोडलेली एकच गोष्ट म्हणजे बोली. जास्त बोलणाऱ्याला गाडी मिळते. आठवडी बाजारात गाळ्याचं भाडं लिलावाने चढवत न्यायचं आणि भाजीचा भाव सरकारने बांधून द्यायचा, तर तो गाळेवाला काय करील? तराजूत बोट ठेवील, नाहीतर भाव बांधलेला नाही असा माल पुढे करील. रेल्वेत हे दोन्ही होतं.

मग ऐंशीच्या थाळीला वेटर दीडशे का मागतो?

याचं उत्तर प्रवाशांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. दीडशे मागणारा प्रत्येक वेळी नियम मोडत असतोच असं नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वे बोर्डाने आयआरसीटीसीला, म्हणजे खानपान सांभाळणाऱ्या रेल्वेच्याच कंपनीला, मेन्यू ठरवायची मोकळीक दिली. स्टँडर्ड जेवणाचे दर बांधलेलेच राहिले. पण त्याखेरीज सुटे पदार्थ वेगळ्या दराने विकायला मुभा मिळाली. त्यामुळे पनीरची ‘स्पेशल’ थाळी महाग असू शकते. गैर आहे ते स्टँडर्ड थाळी लपवणं. “साधी संपली, स्पेशल आहे” हे वाक्य सकाळी नऊला ऑर्डर घेतानाच ऐकू आलं तर समजून जा, कारण त्या वेळी अजून काहीच संपलेलं नसतं.

म्हणून मागताना नुसतं “एक थाळी” म्हणू नका. “स्टँडर्ड व्हेज, ऐंशीवाली” म्हणा. हे एक विशेषण बरेच पैसे वाचवतं. दरपत्रक मागा. गाडीत मेन्यू आणि दर लावलेले असणं बंधनकारक आहे, प्रवाशांच्या फोनवर त्याची लिंकही पाठवतात, असं रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मार्च २०२५ मध्ये लोकसभेत सांगितलं. बिल मागा. वेटरकडे किंवा मॅनेजरकडे बिलाचं यंत्र असायला हवं, आणि बिल दिलं नाही तर पैसे देऊ नका अशी रेल्वेचीच पाटी आहे.

पाण्याच्या बाटलीचा खेळ तर फारच जुना. रेल्वेच्या स्वतःच्या ‘रेल नीर’ पाण्याची एक लिटरची बाटली वर्षानुवर्षं पंधराची होती. जीएसटी घटल्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ती १४ ला आणि अर्ध्या लिटरची ९ ला झाली. पंधराचे वीस घेताना निदान काही तरी सबब लागायची. चौदाचे पंधरा करायला “सुट्टे नाहीत” एवढं पुरतं. क्यूआरने चौदा रुपये द्या, वाद मिटतो.

तिकिटात जेवण म्हणजे फुकट जेवण नव्हे

राजधानी, शताब्दी, दुरांतो, वंदे भारत या गाड्यांत तिकीट काढतानाच जेवण हवं की नको ते विचारतात. हवं म्हटलं तर जेवणाचे पैसे भाड्यात मिळवले जातात. नको म्हणायची सोय आहे, आणि ती फार जण वापरत नाहीत.

नको म्हणून नंतर गाडीत मागवलं तर जेवण-नाश्त्याला ५० रुपये जादा पडतात. २०२२ च्या जूनमध्ये शताब्दीतल्या वीस रुपयांच्या चहाचं सत्तर रुपयांचं बिल गाजलं होतं ते यामुळेच: चहा वीसचा, सेवाशुल्क पन्नासचं. बोंबाबोंब झाली आणि पुढच्याच महिन्यात चहा-कॉफीवरचं ते शुल्क काढलं, जेवणावरचं ठेवलं. यामागचा तर्क तसा सरळ आहे. आधी सांगितलं तर किचनला नेमका आकडा मिळतो, ऐन वेळी सांगितलं तर जादा थाळ्या चढवून ठेवाव्या लागतात. चहाला हे लागूच नव्हतं, कारण पाणी तसंही उकळतच असतं.

राजधानी, शताब्दी, दुरांतो दोन तास किंवा जास्त लेट झाली तर वेळेनुसार चहा-नाश्ता किंवा जेवण फुकट मिळायला हवं. कोणी आपणहून आणून देईल याची वाट बघू नका.

“हे सगळं कधी सुधारणार?”

आयआरसीटीसी १९९९ मध्ये झाली. २००५ च्या धोरणाने खानपान तिच्याकडे गेलं. २०१० च्या धोरणाने रेल्वेने ते बरंचसं परत घेतलं. २०१७ मध्ये पुन्हा आयआरसीटीसीकडे. बारा वर्षांत तीनदा सासर बदललं तर सुनेने घर कुठलं आपलं म्हणायचं? २०१७ च्या जुलैत संसदेत ठेवलेल्या कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेच्या) अहवालात हाच मुद्दा होता. ७४ स्टेशनं आणि ८० गाड्यांची संयुक्त पाहणी करून कॅगने लिहिलं, की काही ठिकाणी अन्न माणसाने खाण्याजोगं नव्हतं, बिलं दिली जात नव्हती, पेयांसाठी नळाचं पाणी तसंच वापरलं जात होतं, आणि धोरण सारखं बदलल्याने कोणी टिकाऊ गुंतवणूक करत नाही.

तेव्हापासून किचनांत कॅमेरे आले, क्यूआर आले, बिलाची यंत्रं आली. तरी बोली आणि बांधलेला दर यांतली ती कुचंबणा आहे तशीच आहे.

अंतर कमी झालं की जेवण सुधारतं, याचा पुरावा मात्र आपल्या दारातच आहे. १ जून १९३० ला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनला आजही डायनिंग कार आहे. २०२२ मध्ये गाडीचे सगळे डबे नवे आले तेव्हाही ती ठेवली, चाळीस जण बसतील एवढी. तिथलं चीज टोस्ट आणि कटलेट यांचं एवढं कौतुक होतं त्यात काही जादू नाही. बनवणारा आणि खाणारा यांच्यात दहा पावलांचं आणि पाच मिनिटांचं अंतर आहे, बस्स. कोकण रेल्वेवर मांडवी एक्सप्रेसला खवय्यांची गाडी म्हणतात, तिथेही लोक नावाजतात ते पँट्रीतून सतत हातोहात फिरणारे गरम पदार्थ.

बाहेरून मागवलेलं बरं का?

आयआरसीटीसीच्या ई-कॅटरिंगवर पीएनआर टाकला की पुढच्या स्टेशनांवरची हॉटेलं दिसतात. १३२३ वर फोन करूनही मागवता येतं. डबा थेट तुमच्या जागेवर येतो. थाळीचं वय इथे कमी असू शकतं, दर मात्र हॉटेलचा.

स्टेशन निवडताना थांबा बघा. दोन मिनिटांच्या थांब्यावर मागवलं तर डबेवाला एस-२ पाशी आणि तुम्ही बी-६ मध्ये, असं होतं. नागपूर, भुसावळ, मनमाडसारखं मोठं स्टेशन धरा. डबा क्रमांक आणि बर्थ बरोबर टाका, आणि स्टेशन यायच्या आधी फोन जवळ ठेवा.

जनरल डब्यातल्यांसाठी २०२३ पासून काही स्टेशनांवर त्याच डब्यांसमोर गाडे लावतात: सात पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी आणि लोणचं वीस रुपयांत. सगळ्या यादीत पैशाला सर्वाधिक जागणारं हेच, आणि तब्येतीलाही बरं. पुरी तळलेली, भाजी सुकी, भात नाही, डाळ नाही. पाणी कमी असलेल्या अन्नात जंतूंना वाढायला वावच कमी. आपल्याकडे प्रवासाला दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, धपाटे आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यायची रीत पडली ती याच अनुभवातून. वरण-भाताची पुरचुंडी कोणी बांधून देत नसे.

याच न्यायाने, इडलीबरोबरची ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात गाडीत टाळावी. ओली, न शिजवलेली आणि सकाळपासून उघडी. सांबार चालेल, वाफ निघत असेल तर.

आणि परवाना नसलेल्या फेरीवाल्याचं काय? भेळ-शेंगा चवीला लागतात हे खरंच. रेल्वे कायद्याच्या कलम १४४ नुसार विनापरवाना विक्री गुन्हा आहे, पण प्रवाशाच्या दृष्टीने खरी अडचण वेगळी आहे: तो पुढच्या स्टेशनला उतरतो. काही झालं तर धरायचं कुणाला?

तक्रार करून काय होतं?

रेल्वेने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार वर्षाला सरासरी ५८ कोटी जेवणं दिली जातात आणि तक्रारी ०.०००८ टक्के. म्हणजे वर्षाला साधारण ४,६४० तक्रारी. ५८ कोटींत फक्त एवढ्याच थाळ्या बिघडल्या असं मानायला फार भाबडेपणा लागेल. बाकीच्यांनी “जाऊ दे, उद्या उतरायचंच आहे” म्हटलं. पण या आकड्याची दुसरी बाजूही आहे: तक्रारी इतक्या कमी असल्याने नीट केलेली तक्रार उठून दिसते, आणि ठेकेदाराला दंड होतो तो अशाच कागदावरून.

नीट म्हणजे कशी? गाडीत असतानाच, १३९ वर किंवा रेलमदद अॅपवर. पीएनआर, डबा-बर्थ, पदार्थ, घेतलेली रक्कम, वेळ. “जेवण खराब होतं” असं लिहू नका. “१.२० ला दिलेला भात थंड आणि चिकट, डाळीला आंबूस वास” असं लिहा. जास्त पैसे घेतले असतील तर ऑनलाइन भरल्याचा स्क्रीनशॉट पुरेसा बोलका. वेटरशी भांडून उपयोग नाही, दर त्याने ठरवलेला नसतो आणि थाळीही त्याने भरलेली नसते. त्याच्या ओळखपत्रावरचा क्रमांक मात्र टिपून घ्या.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर १३९ वरच डॉक्टर मागता येतो, पुढच्या मोठ्या स्टेशनवर तो गाठतो. तोवर उरलेलं अन्न टाकून देऊ नका. झाकणासकट डबा पिशवीत बांधून बर्थखाली ठेवा. कुठल्या किचनने तो कधी भरला, हे त्या झाकणावरच आहे.